जैतुनाचे तेल आणि आपला घाणा

जलप्रलय ओसरल्याची वार्ता नोहाकडे आली ती कबुतराच्या चोचीतील जैतुनाच्या कोवळ्या पानाने, आणि प्रभू येशूने आपल्या दुःखसहनाच्या आदल्या रात्री प्रार्थना केली तीही जैतुनांच्या डोंगरावर. या दोन प्रसंगांच्या दरम्यान हे झाड पवित्र शास्त्रात पदोपदी भेटते. राजांच्या व याजकांच्या अभिषेकात, निवासमंडपाच्या दीपात, विधवेच्या कुपीत, शोमरोनी प्रवाशाच्या शिदोरीत, सर्वत्र त्याचे तेल आहे. तथापि आपल्या मराठी श्रद्धावंतांपैकी बहुतेकांनी हे झाड डोळ्यांनी पाहिलेले नाही. 'जैतून' हा शब्द उपासनेत कानांवर पडतो, परंतु त्याबरोबर मनात कोणतेही चित्र उभे राहत नाही. आणि जेथे चित्र नसते तेथे एक तर उदासीनता येते, नाही तर गूढतेचे वलय तयार होते.

हा केवळ भाषेचा प्रश्न नव्हे. इंदूर शहरातील मल्हारगंजसारख्या जुन्या पेठेत, जिच्या नावातच होळकरांच्या मल्हाररावाची आठवण आहे व जेथे मराठी, माळवी आणि हिंदी एकाच गल्लीत ऐकू येतात, गृहभेटीस जाणाऱ्या धर्मशिक्षकांना रुग्णाच्या घरी एक शंका विचारली जाते : फादरांनी कपाळाला लावले ते तेल 'खरे' जैतुनाचे होते काय? नसल्यास संस्कार अपुरा राहिला काय? क्वचित घरची मंडळी युनानी औषधांच्या दुकानातून 'रोगन जैतून'ची बाटली आणून ठेवतात आणि धर्मगुरू येण्यास विलंब झाला तर 'तुम्हीच लावा' असा धर्मशिक्षकाला आग्रह करतात. शंका भाबडी वाटली तरी ती आजाऱ्याच्या, कित्येकदा मरणोन्मुख मनुष्याच्या, समाधानाशी निगडित आहे. तिचे उत्तर नीट द्यावयाचे तर प्रथम ते झाड, त्याचे तेल आणि त्या तेलाचे घरगुती उपयोग समजून घेतले पाहिजेत. प्रस्तुत लेखाचा तोच उद्देश आहे.

झाडाची ओळख

जैतून हे मध्यम उंचीचे, सदाहरित झाड आहे. पाने अरुंद व चिवट, वरून करडी-हिरवी आणि खालून रुपेरी असतात. वारा आला की सारे झाड चांदीसारखे चमकते. फुले बारीक व पांढुरकी. फळ बोराएवढे, आत कठीण आठळी असलेले, प्रथम हिरवे व पिकल्यावर जांभळे-काळे होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या ओळखीची जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक ही सारी जैतुनाच्याच कुळातील होत. महाबळेश्वर व माथेरानच्या रानांत आढळणारे पारजांभूळ तर त्याच्या अगदी जवळचे, म्हणजे त्याच प्रजातीचे आहे. मात्र त्याच्या फळांचे तेल कोणी काढीत नाही. हिमालयाच्या पायथ्याकडील डोंगरांत 'कहू' नावाचे रानटी जैतून उगवते. तेव्हा हे झाड आपणांस वाटते तितके परके नाही. त्याचे नातलग आपल्या अंगणात फुलत आहेत.

असे असूनही माळव्यात किंवा महाराष्ट्रात त्याच्या बागा नाहीत, याचे कारण हवामान व जमीन. जैतुनास फुलोरा येण्यासाठी हिवाळ्याची थंडी लागते, पाऊस हिवाळ्यात हवा असतो आणि उन्हाळा कोरडा लागतो. आपला पाऊस नेमका उलट्या ऋतूत कोसळतो. शिवाय चुनखडीच्या निचऱ्याच्या टेकड्यांना सरावलेली त्याची मुळे आपल्या पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत कुजतात. राजस्थानच्या कोरड्या भागात मात्र २००७-०८ च्या सुमारास इस्रायली तज्ज्ञांच्या साहाय्याने लागवड झाली आणि बिकानेरजवळील लूणकरणसर येथे २०१४ मध्ये तेलाचा कारखानाही निघाला.

या झाडाचा मोठा गुण म्हणजे त्याचे आयुष्य. ते सावकाश वाढते. लावल्यावर पहिली फळे यावयास काही वर्षे व पूर्ण बहर यावयास कित्येक वर्षे लागतात. मात्र एकदा रुजले की ते शतकानुशतके टिकते. खोड पोखरले, तोडले, जाळले तरी बुंध्यापासून नवे धुमारे फुटतात. स्तोत्र १२८ मध्ये मेजाभोवती बसलेल्या मुलांना जैतुनाच्या रोपांची उपमा दिली आहे, ती जुन्या बुंध्याभोवती फुटलेल्या या कोंभांवरून असावी. जेरुसलेमच्या गेथशेमाने बागेत आज आठ पुरातन झाडे आहेत. प्रभू याच झाडांखाली प्रार्थनेस बसला असे यात्रेकरूंना सांगितले जाते. इटलीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांपैकी तीन खोडांचे वय मोजता आले व ती बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली. आठही झाडे एकाच मूळ झाडाच्या वंशातील आहेत, असेही आढळले. कोणा अज्ञात माळ्याने एकाच झाडाच्या फांद्या जाणीवपूर्वक लावल्या असाव्यात. आपल्या प्रवचनांतून 'हीच ती झाडे' असे ठामपणे सांगण्याऐवजी ही हकीकत सांगितली, तर ती अधिक सत्य व तितकीच भक्तिपर ठरेल.

फळापासून तेलापर्यंत

झाडावरचे जैतून तोडून तसेच खाता येत नाही. ते अत्यंत कडू असते. आपण कैरी किंवा आवळे मिठाच्या पाण्यात मुरवतो तसे ते मुरवावे लागते, तेव्हा कडूपणा जातो. गरिबाच्या घरी भाकर, मुरवलेली जैतुने व थोडे तेल एवढ्यावर जेवण होई.

हंगाम पावसाळ्यापूर्वीचा, म्हणजे त्या देशात शरद ऋतूतला. काठीने फांद्या झोडपून फळे खाली पाडीत. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की, एकदा झोडपल्यावर पुन्हा फांद्या धुंडाळू नयेत. जे राहील ते परदेशी, पोरका आणि विधवा यांचे. यशया शेंड्यावर राहिलेल्या दोन-तीन फळांचा उल्लेख करतो, तो याच रीतीला धरून आहे. म्हणजे या झाडाच्या प्रत्येक हंगामात गरिबांचा वाटा नियमानेच ठरलेला होता.

तेल काढण्याची रीत आपल्या घाण्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. आपल्याकडे तीळ, करडई, शेंगदाणा या बियांतून तेल निघते. उखळीत लाट फिरते, बैल घाण्याभोवती चालतो, खाली तेल व मागे पेंड उरते. जैतुनाचे तेल बीतून नव्हे, तर मुख्यतः फळाच्या गरातून निघते. गोल दगडी कुंडात उभे दगडी चाक फिरवून फळे चेचीत. तो लगदा विणलेल्या टोपल्यांत भरून टोपल्या एकीवर एक रचीत, आणि त्यांवर लांब तुळईचा व दगडी वजनांचा दाब देत. निघालेल्या रसात पाणी व तेल मिसळलेले असे. ते स्थिर ठेवले की तेल वर तरंगे आणि ते अलगद काढून घेत. एक लिटर तेलास साधारणपणे पाच किलो फळे लागतात. निर्गमाच्या सत्ताविसाव्या अध्यायात दीपासाठी कुटून काढलेले शुद्ध तेल सांगितले आहे. दाब देण्यापूर्वी, केवळ हलक्या हाताने कुटून पाझरलेले ते सर्वांत निर्मळ तेल होय. उरलेला चोथा जळणाच्या उपयोगी पडे.

येथे एक नाव लक्षात घेतले पाहिजे. 'गेथशेमाने' या शब्दाचा अर्थच 'तेलाचा घाणा' असा आहे. मराठी श्रोत्यास हे एवढे सांगितले तरी पुरे. ज्या रात्री प्रभू जड दुःखाखाली दबून गेला, ती रात्र त्याने घाण्याच्या जागी काढली. ज्याने तुळईच्या दाबाखाली रस झिरपताना पाहिला आहे, किंवा बैलघाण्याची लाट करकरताना ऐकली आहे, त्यास याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही.

घरातील उपयोग

जैतुनाचे पारंपरिक उपयोग मोजू लागलो तर एका घरातील सर्व गरजा पुढे येतात.

पहिला उपयोग अन्नाचा. सारफथच्या विधवेजवळ मूठभर पीठ व थोडेसे तेल उरले होते. एलीयाच्या शब्दाने ते सरले नाही. अलीशाच्या काळी दुसऱ्या एका विधवेच्या घरी तेलाच्या कुपीवाचून काही नव्हते आणि सावकार तिची मुले दास करून नेण्यास आला होता. भांड्यांत भरलेले तेल विकून तिने कर्ज फेडले. तेल हे गरिबाचे अन्न होते आणि गरिबाची पुंजीही.

दुसरा उपयोग प्रकाशाचा. मातीच्या पणतीत जैतुनाचे तेल व जवसाच्या धाग्याची वात असे. दहा कुमारींच्या दृष्टांतात मशालींसाठी लागणारे तेल हेच. तिसरा औषधाचा. शोमरोनी मनुष्याने जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला, तो त्या काळचा नेहमीचा उपचार होता; द्राक्षारसाने जखम स्वच्छ होई व तेलाने आग शमे. प्रभूचे शिष्य रोग्यांना तेल लावून बरे करीत, असे मार्क सांगतो. चौथा स्नानाचा व सौंदर्याचा. उन्हाने रखरखलेल्या कातडीस तेल लावणे, पाहुण्याच्या मस्तकास तेल लावून त्याचा मान करणे, हे आनंदाचे चिन्ह होते. शोकात असलेला मनुष्य तेल लावीत नसे.

याशिवाय त्याच्या तेलापासून साबण होई. पॅलेस्टाइनमधील नाब्लुस व सिरियातील अलेप्पो येथील साबणाच्या परंपरा इतक्या जुन्या आहेत की २०२४ मध्ये युनेस्कोने त्यांची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. लाकूड कठीण व सुंदर रेषांचे असते. शलमोनाच्या मंदिरातील करूब व गाभाऱ्याची दारे जैतुनाच्या लाकडाची होती, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. बेथलेहेमचे कारागीर आजही त्याचे क्रूस व रोझरीचे मणी कोरतात. पाला शेळ्यामेंढ्यांस चारा म्हणून जातो. फांदी शांतीचे चिन्ह म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हातही आली आहे.

सारांश, अन्न, दिवा, औषध, स्नान, साबण, लाकूड, जळण आणि चारा एवढे सर्व एका झाडापासून मिळत असे. म्हणूनच शास्तेच्या नवव्या अध्यायातील योथामाच्या दृष्टांतात झाडे राजा निवडू निघाली तेव्हा ती प्रथम जैतुनाकडे गेली. आणि ज्या तेलाने देवाचा व मनुष्याचा सन्मान होतो ते सोडून मी इतरांवर झुलत राहू काय, असे म्हणून त्याने राजपद नाकारले. हबक्कूक जेव्हा सर्वस्व गमावल्यानंतरच्या आनंदाविषयी बोलतो, तेव्हा जैतुनाचे पीक बुडणे हे त्या सर्वस्वनाशाचे एक अंग असते. हे झाड पवित्र ठरले ते दुर्मिळ होते म्हणून नव्हे. ते प्रत्येक घरात होते म्हणून पवित्र ठरले. देवाने अभिषेकासाठी निवडलेले तेल हे चुलीपाशी ठेवलेल्या भांड्यातीलच तेल होते.

शब्दांची साक्ष

हाच विचार शब्दांच्या इतिहासातूनही दिसतो. आपला 'तेल' हा शब्द संस्कृत 'तैल' पासून आला, आणि 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेले. या भूमीत मनुष्याने ओळखलेले नेहमीचे तेल तिळाचे होते. म्हणून पुढे खोबऱ्याचे निघाले तरी ते खोबरेल, एरंडाचे निघाले तरी एरंडेल झाले. तमिळ भाषेतील तेलाच्या शब्दातही तीळच दडलेला आहे. भूमध्य समुद्राभोवती नेमके हेच जैतुनाच्या बाबतीत झाले. ग्रीक भाषेत 'एलाया' म्हणजे जैतून व 'एलायोन' म्हणजे त्याचे तेल. त्यापासून लॅटिन 'ओलेउम' व इंग्रजी 'ऑइल' निघाले. अरबीत 'जैतून' म्हणजे झाड व 'जैत' म्हणजे तेल; आपला बायबलमधील शब्द फारसीच्या वाटेने तेथूनच आला. इंग्रजी 'रॉक ऑइल'चे आपण 'रॉकेल' केले, तेव्हा नकळत स्टोव्हमध्येही जैतूनच ओतले!

याचा अर्थ इतकाच की, त्या लोकांस जैतून जे होते ते आपल्या पूर्वजांस तीळ होता. आणि आणखी एक योग पाहा. संस्कृत-मराठीत 'स्नेह' म्हणजे तेल आणि 'स्नेह' म्हणजे प्रेम. आयुर्वेद तैल व घृत यांस स्नेह म्हणतो. संक्रांतीस तिळगूळ देताना आपण याच दुहेरी अर्थाने गोड बोलावयास सांगतो. ग्रीकमध्येही 'एलायोन' म्हणजे तेल व 'एलेओस' म्हणजे दया हे शब्द उच्चारात जवळचे आहेत. मिस्सातील 'किरिये एलेईसोन' या प्रार्थनेत हाच दुसरा शब्द आहे. दोन्हींचे मूळ एक नव्हे, तथापि पूर्वेकडील ख्रिस्तसभेने या सादृश्यावर पुष्कळ चिंतन केले. 'ख्रिस्त' व 'मशीहा' या दोन्ही नावांचा अर्थ तेलाने अभिषिक्त झालेला असा आहे. मराठी भक्ताला तो समजावताना 'स्नेहाने न्हालेला' असे आपण म्हणालो, तर शब्दाचे दोन्ही पदर एकदम उलगडतात.

कोकणातील शनवार तेली

जैतुनाच्या देशाचे लोक तिळाच्या देशात आले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या मराठी भूमीतच आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल समाज पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत आला. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. गावोगाव त्यांचा मुख्य व्यवसाय तेलाचे घाणे चालविण्याचा होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. मंदिर दूर राहिले, ग्रंथही बराच काळ हाती नव्हते; परंतु शब्बाथ, सुंता व 'हे इस्राएला, श्रवण कर' ही घोषणा त्यांनी जपली. जैतुनाचे झाड मात्र त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी तीळ व खोबरे गाळले, आणि त्यामुळे ते इस्राएलाचे लोक राहिले नाहीत असे कोणी म्हटले नाही. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात गेली.

यहूदी धर्माचार्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला होता. शब्बाथाचे दिवे कोणत्या तेलाने लावावेत, या चर्चेत रब्बी तार्फोन यांचे मत असे की केवळ जैतुनाच्याच तेलाने लावावेत. त्यावर रब्बी योहानान बेन नूरी उभे राहिले व त्यांनी विचारले की, मग ज्यांच्याजवळ तिळाच्या तेलावाचून दुसरे नाही त्या बाबेलच्या लोकांनी काय करावे? ही चर्चा तालमूदात नोंदलेली आहे. अखेर निर्णय उदार ठरला : इतर तेलेही चालतील, जैतुनाचे मात्र उत्तम. श्रेष्ठ काय ते सांगावे, पण जे दूर आहेत त्यांच्या घरी अंधार पडू देऊ नये, हा या निर्णयाचा गाभा.

ख्रिस्तसभेचा नियम

आपल्या ख्रिस्तसभेचा मार्गही याच दिशेने गेला, मात्र त्यास वेळ लागला. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या विश्वपरिषदेने आर्मेनियनांसाठी काढलेल्या निर्णयपत्रात रुग्णाभ्यंगाचे द्रव्य बिशपने आशीर्वादित केलेले जैतुनाचे तेल असे सांगितले होते. पुढे कित्येक शतके हा नियम संस्काराच्या प्रामाण्यासाठी आवश्यक मानला गेला. म्हणजे मल्हारगंजातील आजीबाईंच्या मनातील शंका निराधार नाही. त्यांच्या आजीच्या काळी ती धर्मपंडितांचीही शंका ठरली असती.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर हा नियम बदलला. तेले आशीर्वादित करण्याचा नवा विधी १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी रुग्णाभ्यंगाविषयीच्या आपल्या संविधानात सांगितले की, जगाच्या काही भागांत जैतुनाचे तेल मिळत नाही अथवा कष्टाने मिळते व अनेक बिशपांनी तशी विनंती केली आहे. यास्तव आवश्यकतेनुसार दुसरे तेलही वापरता येईल, मात्र ते वनस्पतीपासून काढलेले असावे, कारण ते जैतुनाच्या तेलाशी अधिक मिळतेजुळते आहे. १९८३ च्या कायदासंहितेच्या ८४७ व्या कलमाने तेले वापरल्या जाणाऱ्या सर्वच संस्कारांसाठी हे तत्त्व कायम केले.

यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. तीळ, शेंगदाणा, खोबरे, करडई, मोहरी, सोयाबीन यांचे शुद्ध तेल चालते. तूप चालत नाही, कारण ते प्राणिज स्नेह आहे. खनिज तेल चालत नाही. बाजारात मिळणाऱ्या कित्येक सुगंधी केशतेलांत, बाटलीवर बदामाचे किंवा आवळ्याचे चित्र असले तरी, 'लिक्विड पॅराफिन' हे खनिज तेल मिसळलेले असते. तेव्हा लेबल वाचल्यावाचून असे तेल कधीही घेऊ नये. क्रिझ्मात सुगंधी द्रव्य मिसळले जाते व त्याचे पवित्रीकरण केवळ बिशपच करतात. रुग्णांचे तेलही सामान्यतः बिशपने पवित्र गुरुवारच्या सुमारास आशीर्वादित केलेले असावे. परंतु अडचणीच्या वेळी कोणताही धर्मगुरू संस्कारविधी चालू असतानाच ते आशीर्वादित करू शकतो. ९९९ व्या कलमात ही मुभा आहे. म्हणजे गरज पडल्यास रुग्णाच्या स्वयंपाकघरातील वाटीभर गोडे तेलही या संस्काराचे द्रव्य होऊ शकते. असे तेल उरले तर ते कापसात टिपून जाळावे.

मग जैतून टाकून द्यावे काय?

येथवर वाचून कोणास वाटेल की, आता प्रवचनात व वाचनातही 'जैतून' च्या जागी 'तीळ' म्हणावे. तसे करणे योग्य होणार नाही. तीळ हे तीन-चार महिन्यांचे पीक आहे. ते उपटले की संपले. जैतून आजा लावतो व नातू त्याचे तेल खातो. कराराचा देव पिढ्यान्पिढ्या विश्वासू राहतो, हे सांगण्यासाठी शास्त्राने हे झाड वापरले. ते तिळाच्या रोपाने सांगता येत नाही.

रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय याचे उत्तम उदाहरण. आपला बागायतदार रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतो. रानटी मुळावर सुधारलेली फांदी ही कलमाची रीत. पौल मुद्दाम याच्या उलट बोलतो : रानटी जैतुनाची फांदी उत्तम जैतुनावर लावली गेली, आणि हे निसर्गक्रमाच्या विरुद्ध आहे, हे तो स्वतःच सांगतो. त्याचा रोख असा की, परराष्ट्रीयांनी फुशारू नये; मूळ त्यांना धरून आहे, ते मुळाला नव्हेत. कलम ठाऊक असलेल्या कोकणी किंवा माळवी शेतकऱ्याला हा उलटेपणा सांगितल्याबरोबर कळतो व कृपेचा अर्थही कळतो. बेने इस्राएल शेजाऱ्यांचे स्मरण येथे केले, तर ज्या मुळावर आपण लावले गेलो त्याविषयीचा आदरही वाढेल.

तेव्हा वाचनात जैतून जैतूनच राहो. अभ्यंगात मात्र जे शुद्ध वनस्पतितेल हाती असेल ते चालो. पहिल्यामुळे आपण इस्राएलाच्या इतिहासाशी जोडलेले राहतो. दुसऱ्यामुळे तो इतिहास आपल्या घरात येतो. झावळ्यांच्या रविवारी आपण हेच करीत आलो आहोत. इटलीत त्या दिवशी जैतुनाच्या फांद्या, उत्तरेकडील थंड देशांत वाळुंजाच्या, आणि आपल्याकडे माडाच्या किंवा खजुरीच्या झावळ्या हाती असतात. जयजयकार मात्र एकच असतो.

धर्मशिक्षकांसाठी

वर्गात हा विषय घेताना तेलाच्या बाटलीपासून नव्हे, घाण्यापासून आरंभ करावा. दिवाळीचे अभ्यंगस्नान, बाळंतघरातील तेलमालीश आणि भाजलेल्या बोटावर आईने लावलेले खोबरेल, या अनुभवांतून तेल म्हणजे काळजी घेणारा हात, हे मुलांना आधीच ठाऊक असते. त्यावर शोमरोनी मनुष्याची गोष्ट, त्यावर याकोबाच्या पत्रातील पाचवा अध्याय, आणि त्यावर ख्रिस्त या नावाचा अर्थ, अशी पायरी रचावी.

त्याचबरोबर एक सावधगिरी हवी. आपल्या लोकांत तेलाचा दृष्ट काढण्याशी व उताऱ्याशीही संबंध आहे, आणि यात्रेहून आणलेल्या बाटल्यांभोवती तीच समजूत पुन्हा जमते. याकोब तेलाविषयी सांगतो तेथे विश्वासाच्या प्रार्थनेने रोगी वाचेल व प्रभू त्याला उठवील, असा क्रम आहे; गुण बाटलीचा नाही. म्हणूनच रुग्णाभ्यंग केवळ धर्मगुरूनेच करावयाचा आहे. १९९७ मध्ये रोमहून आलेल्या सूचनापत्रानुसार धर्मशिक्षकांनी रुग्णांच्या आशीर्वादित तेलाने किंवा अन्य कोणत्याही तेलाने अभ्यंग करू नये. घरच्यांनी बाटली पुढे केली तर ती नम्रतेने बाजूस ठेवावी, आजाऱ्याचा हात हातात घ्यावा, स्तोत्र वाचावे आणि धर्मगुरूस त्वरित निरोप पाठवावा. हे काम तेल लावण्याहून कमी नाही, कारण याकोबाने प्रथम सांगितले ते मंडळीच्या वडिलांना बोलावून आणण्याचेच.

आणि 'ते तेल खरे होते काय' असे कोणी विचारले, तर उत्तर निःसंदिग्ध द्यावे. ते जैतुनाचे असो वा तिळाचे, ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेने आशीर्वादित झाले आणि धर्मगुरूच्या हातून कपाळावर व तळहातांवर लागले, की ते खरेच आहे. गेथशेमानेच्या घाण्यात जो दबला गेला, त्याचाच स्नेह त्यातून आजाऱ्यापर्यंत पोहोचतो.